पाहुण्यांच्या हातची पेरणी

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि फिती कापणाऱ्या कात्र्यांना उसंत नव्हती. अभनपूरकडच्या आमच्या सरकारी शेतावरही कपाशीचा एक तुकडा मोठ्या पाहुण्यांच्या हातून पेरायचं ठरलं. मी तिथे सहायक होतो. जूनमध्ये बी भिजवलं, पाहुणे आले नाहीत. ते आले जुलै संपताना. चार बिया टाकल्या, फोटो झाला.

घरी, रायपुरातल्या तलावाकाठच्या बूढापाऱ्यात, आई वेगळ्याच कापसाची वाट पाहत होती. वडील मोठ्या दुखण्यातून उठले तेव्हा महाशिवरात्रीला लाख वाती लावायचं ती बोलली होती. दरवर्षी यवतमाळहून कापूस पाठवणाऱ्या मामाने आता सोयाबीन धरलं होतं.

जानेवारीत साहेबांना विचारून पाहुण्यांच्या तुकड्यातला कापूस आणला. झाडं गुडघ्याएवढी, बोंडं मोजकीच. आईने सरकी काढून चिमूटभर कापूस ओढला. तुटला. पुन्हा तुटला.

"काहून रे, उशिरा पेरला का?"

"पाहुणे उशिरा आले."

"मंग वाती बी त्याहीलेच वळाले सांग. बोंड थंडीत सापडलं का तंतू भरत नाही."

दुसऱ्या दिवशी हे शेतावरच्या मजूर दीदीला सांगितलं. ती छपरीत गेली आणि कापसाचं एक गाठोडं घेऊन आली. जूनमधलं ते भिजलेलं बी तिने त्याच दिवशी बांधाच्या कडेने अंगठ्याने टोचून टाकलं होतं.

"भीगे बीज ला फेंक देबो का, भैया?"

झाडं कमरेच्या वर गेली, बोंडं दिवाळीपासून फुटत राहिली. तिने कापूस वेचून ठेवला, कारण नोंदवहीत त्या ओळीला जागाच नव्हती.

मग महिनाभर आमच्या दुपारी पांढऱ्या झाल्या. खिडकीतल्या उन्हात आईच्या बोटांतून तंतू निघायचा आणि लांबत जायचा, इतका की कापूस कुठे संपला ते दिसायचं नाही. श्वासाने तो उडे, म्हणून घरात सगळे हळू बोलत. वडील तर झोपेत बोलल्यासारखे. तलावावरून वारा आला की आई नुसती पाहायची आणि वारा थांबायचा, असं मला अजून वाटतं.

शिवरात्रीच्या संध्याकाळी तलावाजवळच्या देवळात तुपात भिजलेल्या वातींची परात ठेवली. दीदीला बोलावलंच होतं. आईने काडीपेटी तिच्याच हातात दिली.

"मैं?" दीदी मागे सरली.

"पेरलं कोनं?"

दीदीने आधी हात पदराला पुसले.