लहान सीडीत काय न्यायचं

किस्से जमतात ते स्क्रूसारखे. मशीन उघडली, दुरुस्त केली, बंद केली, की एक स्क्रू हातात उरतोच. कुठला, ते कोणाला आठवत नाही, अन फेकवतही नाही. आमच्या अमरावतीच्या दुकानात त्या स्क्रूंचा एक डबा भरला आहे. किश्श्यांचा डबा माझ्याजवळ. मी सांगतो, सविता लिहून घेते अन माझं बोलणं थोडं सरळ करते.

दुकान रफीकभाईचं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जे बिघडेल ते त्याचं. सविता तिवश्याची, पॉलिटेक्निक शिकलेली, आमच्यात खरं डोकं तिचं. मी सकाळी शटर उघडतो, झाडतो, अन गावाला जायचं असलं की अवजारांची पिशवी उचलतो.

*

नापिकीच्या त्या वर्षांत नांदगाव खंडेश्वरला विमलताईचं टायपिंगचं दुकान होतं. ज्यांच्या नवऱ्यांनी त्या दोन-तीन हंगामांत स्वतःहून जीव दिला, अशा बाया मदतीच्या अर्जाला जोडायचं बयान सांगायला तिच्याकडे येत. त्या सांगत, ती टाइप करे. एक दिवस मशीन सुरूच होईना. आतली डिस्क टक टक वाजे.

"हे आता पाच-सात वेळा फिरीन, मंग खलास," रफीकभाई म्हणाला. "डिस्क काढून दुकानात नेतो, ताई."

"नाही. बायांले शब्द देला मी. अर्जाशिवाय हे या खोलीच्या भाईर जाणार नाही."

"मंग त्यायले पुन्हा विचारून टाइप करून घ्या."

विमलताई म्हणाली, "तुमी विचारता का, रफीकभाऊ?"

रफीकभाईनं चहा संपवला अन पेचकस पिशवीत ठेवला.

*

सविताकडे लिनक्सची एक सीडी होती. मशीनचं आपलं विंडोज उठलं नाही तरी ही सीडी घातली की मशीन उठते, अन आतल्या फायली काढून घेता येतात. पण सीडी भरगच्च, मशीन जुनं, अन लोडशेडिंगचे दिवस.

पहिल्या फेरीला पाव तासानं पडदा उजळला. निळ्या डोंगराचं चित्र आलं. रफीकभाई म्हणाला, "आ गयी." अन लाइन गेली. विमलताईच्या यूपीएसनं दोन मिनिटं दम धरला. दुसऱ्या फेरीला पुन्हा डोंगर, पुन्हा अंधार.

विमलताईची सासू कोपऱ्यात तूर निवडत होती. म्हणाली, "डोंगर पाहाले एवढ्या दूरून येता का रे बाप्पा?"

*

मग सविता म्हणाली, आपणच लहान सीडी करू. लागतं तेवढंच घेऊ, म्हणजे लवकर उठेल. त्यातल्या एकेका अवजाराच्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. तिनं फोटो पाहायचं एक छोटं पॅकेज निवडलं, तर त्यानं आणखी अकरा मागितली. त्यांच्याशिवाय ते येतच नव्हतं.

रफीकभाईनं पडद्यावरची यादी पाहिली. "ये तो बारात है. नवरदेव कोणता यातला?"

त्याला स्वतःला गाणं वाजवायचं पॅकेज पाहिजे होतं. आवाज आला की गिऱ्हाइकाला मशीन जिती वाटते, असं त्याचं म्हणणं. सवितानं ते काढून टाकलं. तेव्हापासून तो रुसून तिला 'मॅडम' म्हणायला लागला.

*

तिसऱ्या दिवशी सविता माझ्याकडे आली. "काका, अजून मोठीच आहे. काय काढू?"

मी कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरची पिशवी वीस वर्षं वाहिली. त्याचा एक नेम होता. जे गावात मिळते ते नाही न्यायचं. हातोडा कोणाच्याही घरी असतो, तो कशाला खांद्यावर घ्यायचा? जे तिथं नाही तेच घ्यायचं. मी तिला तेवढंच सांगितलं.

तिला ते पटलं. छपाईचं गेलं, इंटरनेटचं गेलं, डोंगर गेला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उरली. डिस्क वाचायची, फायली काढायच्या, दुसरीकडे ठेवायच्या, बस.

शेवटी तिनं विचारलं, "काका, मराठी अक्षरांचं एक पॅकेज आहे. मराठी तर गावातल्या मशीनमधी असतेच, नाही का?"

मी म्हटलं, "असतेच."

*

विमलताईच्या डिस्कला हात लावण्याआधी सीडी दुसरीकडे चालवून पाहायची होती. रफीकभाईच्या साडूचा पातूरला फोटो स्टुडिओ, त्याचं मशीनही बंद पडलं होतं. आम्ही यष्टीनं गेलो. दोन मिनिटांत सीडी उठली, काळा पडदा आला.

"हे तं मेलं," साडू म्हणाला.

"मेलं नाही. साधं आहे," रफीकभाई म्हणाला.

अर्ध्या तासात त्याचे सगळे फोटो निघाले. तरी त्याचं समाधान होईना. "ना चित्र, ना आवाज. मंग तुमी केलं काय?"

रफीकभाईनं सविताकडे पाहिलं. त्या दिवसापासून 'मॅडम' बंद झालं.

*

नांदगावला तिसऱ्या फेरीला मी दुकानाची यूपीएस खांद्यावर नेली. तिची बॅटरी वीस मिनिटं चाले. आम्ही पोचलो तेव्हा लाइन नव्हतीच, अन डिस्कचं टक टक वाढलं होतं. थांबण्यात अर्थ नव्हता.

सीडी उठली. डिस्क दिसली. सवितानं विमलताईचा पेनड्राइव्ह लावला. तो लहान, अन डिस्कभर गिऱ्हाइकांच्या फोटोवाल्या लग्नपत्रिका. सगळं उचलायला ना जागा होती ना बॅटरी.

"ताई, बयानांच्या फायलींले नाव काय देलं?"

"ज्या बाईचं, तिचंच नाव. मराठीतून."

सवितानं यादी काढली. वरपासून खालपर्यंत नुसते चौकोन. मराठी अक्षरं मशीनमध्ये होती, पण ते मशीन झोपलेलं. उठलेली होती आमची सीडी, अन तिच्याजवळ ती नव्हती. लग्न कोणतं अन बयान कोणतं, काही कळेना.

मला माझं 'असतेच' आठवत होतं. यूपीएस पी पी करायला लागली.

मी विमलताईला विचारलं, "बाया कधी येत होत्या?"

"बाजाराच्या दिवशी. आणखी कधी येतीन? बाजाराचं नाव सांगूनच निघत, नाही तं घरचे विचारत कुठं चालली म्हणून. दुपारी चारच्या आत परत."

सवितानं यादी तारखेनं लावली. लग्नपत्रिका कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळेला. पण दर आठ दिवसांनी, भर दुपारी, दोन-तीन लहान लहान फायली. तसंच महिनोन् महिने.

"याच," विमलताई म्हणाली. "याच आहेत."

तेवढ्या उचलल्या. शेवटची गेली अन पेनड्राइव्ह काढून सवितानं ताईच्या हातात दिला, तोवर यूपीएस विझली. ती डिस्क त्यानंतर फिरली नाही.

*

पुढच्या बाजाराला आम्ही दुकानातलं एक जुनं मशीन विमलताईकडे बसवायला गेलो. दुपारी बाया आल्या. ताई एकेकीच्या बयानाच्या दोन प्रती काढून अंगठा घेत होती. एक अर्जाला जोडायची, एक बाईजवळ ठेवायची.

एक बाई आपला कागद घेऊन बाहेर आली. मी ओट्यावर पिशवीजवळ बसलो होतो. ती तिथंच टेकली. कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"तुमी वाचलं का हे?" तिनं विचारलं.

"नाही बाई. तिथं कोणीच नाही वाचलं. नुसते चौकोन दिसत होते."

"आता वाचता का?"

"मले वाचता येत नाही."

तिनं कागदाची आणखी एक लहान घडी केली. मग कागद माझ्या हातात दिला.

"मंग तुमच्याजवळच ठेवा," ती म्हणाली. "घरी माही पोरगी आता वाचाले लागली."