कोठीतला रेडिओ

आमच्या घरातल्या ज्वारीच्या कोठीनं एकदा भर दुपारी हिंदीत बातम्या दिल्या. (मी स्वतः ऐकल्या आहेत. त्या वेळी मी कोठीला टेकूनच उभा होतो.)

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, त्या सुमाराची ही गोष्ट. बुऱ्हाणपुरात रोज एक नवा साहेब उतरायचा आणि त्याच्याबरोबर एक नवा फॉर्म. काखेत रजिस्टर घेतलेला अनोळखी माणूस आमच्या राजपुरा आळीत दिसला, की लोक आधी दार लावून घ्यायचे आणि मग आतून नाव विचारायचे.

माझा थोरला भाऊ वसंतदादा याचं कंदील आणि बत्त्यांचं दुकान होतं. पण दादानं एकदम जाहीर केलं, "कंदिलाचे दिवस गेले! आता रेडिओ!" मुंबईच्या एका कंपनीनं त्याला बॅटरीवर चालणारा एक रेडिओ महिनाभरासाठी नमुना म्हणून पाठवला होता. वीज लागत नाही, म्हणजे खेड्यापाड्यांत खपणार. कंपनीचा माणूस येऊन बघणार, पसंत पडलं तर सगळ्या भागाची एजन्सी दादाला, नाहीतर खोकं परत. या भरवशावर दादानं नवे कंदील मागवणंसुद्धा बंद केलं होतं. म्हणजे एजन्सी हुकली, तर दुकानात विकायला फक्त दादा उरणार होता!

मी नुकताच मास्तर झालो होतो. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून कागदपत्रांची कामं माझ्याकडे. त्या दिवशी सकाळी दादा धूलकोटला निघाला. तिथले दोन केळीवाले शेतकरी त्याला रेडिओ दाखवायला आणायचे होते. चपला घालता घालता तो म्हणाला, "कंपनीचा माणूस आज-उद्या टपकेल. रेडिओचं तोंड भरून कौतुक कर. आणि पोस्टातून लायसन काढलंस ना?"

"कधीच!" मी म्हणालो.

(यात खोटं काहीच नव्हतं. पुढे 'नाही' म्हणायचं तेवढं राहिलं.)

त्या काळी रेडिओ घरी ठेवायलाही सरकारी लायसन लागायचं, आणि त्याचा फॉर्म माझ्या कोटाच्या खिशात घडी होऊन पडला होता. आणि बिनलायसनचा रेडिओ सापडला, तर रेडिओ जप्त आणि माणूस आत, असं आमच्या आळीचं ठाम मत होतं.

दुपारी दाराची कडी वाजली. मी खिडकीतून डोकावलो. डोक्याला काळी टोपी, हातात छत्री आणि काखेत... रजिस्टर! (कंपनीचा माणूस टाय लावून मोटारीतून येणार, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. छत्रीवाला म्हणजे सरकारच!)

"वहिनी, लायसनवाला आला!"

"येऊ द्या की. तुम्ही काढलंय ना?"

मी कोटाच्या खिशावर हात ठेवला.

"अगं बाई! भाऊजी!!" वहिनीला सगळं कळलं.

पुढच्या मिनिटात आम्ही दोघांनी रेडिओ उचलला, बॅटरी उचलली आणि ज्वारीच्या अर्ध्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीत दोन्ही पुरलं. खबरदारी म्हणून मी बटण घट्ट पिळलं. (रेडिओ बंदच होता. तो चालू झाला माझ्या खबरदारीनं! पण त्या वेळचे रेडिओ तापायला मिनिट-दोन मिनिटं घेत आणि मगच बोलत.) कोठीवर झाकण टाकलं, झाकणावर वहिनीनं तांदळाचं सूप ठेवलं आणि मी दार उघडलं.

पाहुणा खुर्चीत बसला. रजिस्टर मांडीवर उघडलं. "आपके यहाँ रेडियो है ना?"

"बिल्कुल नहीं!"

"हमें तो बताया गया कि है।"

"सब अफवा! रेडियो से कान खराब होता है। बच्चे बिगड़ते हैं।" (घरात मूल एकही नव्हतं.) "हमारे दादा के सामने तो रेडियो का नाम भी निकाला, तो वो गुस्सा करते हैं!"

पाहुण्यानं पेन काढलं आणि सावकाश, एकेक शब्द तोंडानं म्हणत लिहून घेतलं, "गुस्सा... करते... हैं।"

तेवढ्यात त्याची नजर वर गेली. छपरावरून एरियलची तार खिडकीतून आत आली होती आणि सरळ कोठीच्या झाकणाखाली शिरली होती. घाईत ती काढायचीच राहिली!

"ये तार?"

"कपड़े सुखाने की।"

"कोठी के अंदर?"

वहिनी मदतीला धावली, "उंदीर... चूहे! चूहों को बाहर आने के लिए!"

पाहुण्यानं तेही लिहून घेतलं.

आणि मग कोठी खाकरली. घर्रर्र... खर्रर्र... सुपातले तांदूळ थरथरले. वहिनी जोरात खोकली. मी त्याहून जोरात खोकलो आणि कोठीला पाठ लावून उभा राहिलो. माझ्या पाठीतून खणखणीत आवाज आला, "अब आप समाचार सुनिए!"

पाहुणा शांतपणे उठला. "भाई साहब, आपकी ज्वार बोल रही है।"

मी खिशातला चुरगळलेला फॉर्म काढून त्याच्यापुढे धरला, "साहब, आज ही भरने वाला था! हमारी नौकरी नई है, जेल मत भेजिए!"

नेमका त्याच क्षणी दादा दारात! मागे धूलकोटचे दोन शेतकरी. पाहुण्याला बघून दादाचा चेहरा फुलला. "नमस्ते, नमस्ते! कंपनी से आए ना? हमारे भाई ने रेडियो के बारे में सब बताया?"

कंपनी! खोली माझ्याभोवती एकदा फिरून पुन्हा जागेवर आली.

"जी, सब लिख लिया है।" पाहुण्यानं रजिस्टर दादापुढे धरलं. दादा वाचू लागला. कान खराब. बच्चे बिगड़ते हैं. चूहे. मी सांगितलेल्या सगळ्यात 'गुस्सा करते हैं' एवढं एकच वाक्य त्या क्षणी खरं झालं. दादानं रजिस्टर मिटून परत दिलं. कोठी मात्र भोपाळचं हवामान सांगत होती. पाहुण्यानं पेनाला टोपण लावलं, छत्री उचलली. महिन्याभराची धडपड आणि सगळं दुकान त्या छत्रीबरोबर दाराकडे निघालं. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मला धरणी दुभंगली तर बरं, असं झालं.

इतक्यात शेतकऱ्यांतला म्हातारा पाटील पुढे झाला. त्यानं कोठीला कान लावला, वरून एक थाप मारली, पुन्हा कान लावला.

"ज्वारीत पुरला तरी बोलतो?"

"बोलतो," मी कसाबसा म्हणालो.

"मंग आमच्या मळ्यातली धूळ याचं काय वाकडं करन? दादा, एक माझ्या नावानं लिहा."

दुसरा म्हणाला, "मलाबी एक. पण कोठी नको, ती हाय आमच्याकडे."

पाहुणा दारातच थांबला. परत येऊन खुर्चीत बसला, नवं पान उघडलं आणि दोन्ही नावं लिहून घेतली. मग त्यानं माझं मनगट धरलं आणि मला राजपुऱ्यातून सगळ्यांदेखत पोस्टात नेलं. मी फॉर्म भरेपर्यंत तो छत्री टेकून माझ्या डोक्याशी उभा होता. (आळीत पसरलं की मास्तरला पकडून नेलं!)

पंधरा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. मग कंपनीचं पत्र आलं आणि त्यानं ते सगळ्यांसमोर वाचलं. एजन्सी मिळाली होती! वहिनीनं देवापुढे साखर ठेवली. दादानं खालची ओळ मुद्दाम सावकाश वाचली, "शर्त केवल एक है। ग्राहकों से बातचीत छोटे भाई न करें।"

"लाज वाटते का काही?" दादानं विचारलं.

मान खाली घातली मी, पण खरं सांगू? मुंबईच्या कंपनीनं ज्याची लेखी दखल घ्यावी, असा आमच्या अख्ख्या घराण्यात मी पहिलाच!