नव्या कॅमेऱ्यावर आजोबांची काच

आमच्या घरात माझ्या चेहऱ्याबद्दल कोणी बोलत नसे. सहाव्या वर्षी मला देवी आल्या, त्यातून मी वाचले आणि वण राहिले. गालांवर, कपाळावर, एक थेट नाकाच्या शेंड्यावर. एवढी साधी गोष्ट, पण आईने तिचा कधी उच्चार केला नाही आणि बाबांनी तर नाहीच नाही. बाहेरचे लोक मात्र सढळ होते. शाळेतल्या पोरी मला काय म्हणत ते इथे लिहीत नाही, कारण त्यातल्या काही अजून भेटतात आणि आता त्यांचीही तोंडं काही पाहण्यासारखी राहिलेली नाहीत.

मलकापुरात स्टेशनच्या रस्त्यावर बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तो आजोबांनी काढलेला. त्यांच्या वेळचा मोठा लाकडी कॅमेरा तिपाईवर उभा असे. काळ्या कापडात डोकं घालून पाहायचं, समोरचा माणूस आतल्या काचेवर डोकं खाली पाय वर असा दिसायचा. कॅमेऱ्याच्या तोंडाशी पितळेची जाडजूड नळी होती आणि तिच्यात भिंगं. तिला घरात कोणी लेन्स म्हणत नसे, ‘आजोबांची काच’ म्हणत. तिला उघडझाप करणारा खटका नव्हता. टोपी काढायची, थांबायचं, टोपी लावायची. तेवढ्या वेळात बाबा ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत. दिवस ढगाळ असला की तेच नाव दोनदा.

नवा महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा बाबांनी नवा कॅमेरा आणला. काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे आणावाच लागला. तो जर्मनीचा होता. गळ्यात अडकवायचा, वरून वाकून पाहायचं, आणि एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो. बाबा आठवडाभर त्याला मऊ फडक्याने पुसत बसले होते. आई म्हणाली, “एवढं तर बाळंतिणीच्या पोराले बी कोणी पुसत नाही.”

कापसाचा हंगाम होता. मोताळ्याकडच्या गाड्या रिकाम्या झाल्या की माणसं हौसेने बायकापोरांना घेऊन स्टुडिओत येत. पहिले फोटो छापून झाले आणि तक्रारी सुरू झाल्या. नवी काच काही म्हणजे काही सोडत नव्हती. एका व्यापाऱ्याची बायको स्वतःचा फोटो हातात घेऊन बाबांना म्हणाली, “दादा, हे कोन व्हय? माही सासू काय?” बाबांनी तिला समजावलं की कॅमेरा नवीन आहे, सगळं स्पष्ट येतं. ती म्हणाली, स्पष्ट पाहायला घरी आरसा आहे, त्यासाठी गाडी जुंपून कशाला येऊ.

बाईचं खरं होतं. जुन्या मोठ्या प्लेटवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या, डाग, खळगे भरता येत. बाबांचा त्यात हात बसलेला होता. पण नवं निगेटिव्ह दोन शंकरपाळ्यांएवढं. त्यावर पेन्सिल लावली आणि मोठं करून छापलं, की बारीकशी रेघही दोरीसारखी दिसायची.

मग बाबांनी ठरवलं की आजोबांची काच नव्या कॅमेऱ्याला बसवायची, तिच्यातून सुरकुत्या आणि खळगे मुळातच पुसट येत. नव्याची स्वतःची काच फिरवून काढता येत होती आणि खटका कॅमेऱ्याच्या पोटातच होता, त्यामुळे बिनखटक्याची जुनी काच त्याला चालण्यासारखी होती. दोघांना जोडायला फक्त एक कडं हवं होतं, आणि मधे नळी, कारण ती जुनी काच फिल्मपासून लांब ठेवावी लागे. जवळ आणली की सगळं धूसर. हे ऐकून आई म्हणाली, “मामंजी जिते होते तवा बी असंच होतं. लांबूनच बरे.” बाबा हसले नाहीत.

जिनिंग फॅक्टरीतल्या लेथवर बाबांच्या ओळखीच्या माणसाने कडं आणि नळी करून दिली. नळीत नळी, होळीच्या पिचकारीच्या दांड्यासारखी पुढेमागे सरकणारी. ती बसवली आणि पहिली फिल्म काढली, तर सगळे फोटो धुवून फिकट पडल्यासारखे. बाबांनी नळी उन्हाकडे धरून आत पाहिलं. नवंकोरं पितळ आतून झळाळत होतं आणि त्याचाच उजेड फिल्मवर पडत होता. आतून काळं करणं भाग होतं. घरात काळी वस्तू एकच, ती म्हणजे आईचं काजळ. दिव्यावर ताट पालथं घालून धरलेलं आणि तुपात खललेलं. बाबांनी डबीच्या डबी नळीत फासली.

फोटो झकास आले. पण मलकापूरच्या उन्हाळ्यात माणसं पाघळतात, तिथे तुपाचं काय. चैत्र संपता संपता काजळ ओघळलं आणि त्याचे थेंब आत फिल्मवर पडले. एका नवरदेवाच्या हनुवटीवर वाटाण्याएवढा तीळ उमटला. आणखी एका घरच्या सगळ्या माणसांना ठिपके आले, एकसारखे. आई म्हणाली, “बरं झालं, तीट लागली. नजर नाही लागणार कोनाची.” बाबांनी नळी रॉकेलने धुतली आणि शाळेच्या फळ्याला लावतात तो रंग आणून आत दिला. तो मात्र टिकला.

या सगळ्या उद्योगात दर वेळी समोर बसायचं मी. मॅट्रिक झाल्यावर मी स्टुडिओतच होते. फिल्म धुणं आणि फोटो छापणं माझ्याकडे असे. काजळाची फिल्म, फळ्याच्या रंगाची फिल्म, नळी अर्धी बाहेर, नळी पूर्ण बाहेर, सगळ्यांत मीच. स्वतःचं तोंड मी जितक्या वेळा लाल दिव्याखाली पाण्यातून वर येताना पाहिलंय, तितक्या वेळा आरशातही पाहिलेलं नाही. नव्या काचेने प्रत्येक वणाला त्याची वेगळी सावली दिलेली असायची. आजोबांच्या काचेतून मी दुधावरच्या सायीसारखी यायचे. खोटं वाटावं इतकी गुळगुळीत.

एके दिवशी बाबा म्हणाले, “चाल, एक टेस्ट घेऊन टाकू.” मी बसले, तर आई तिचा लग्नातला शालू घेऊन आली. नळीच्या टेस्टसाठी शालू? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. व्यापाऱ्याची बायको निमित्त होती. कडं, नळी, काजळ, फळ्याचा रंग, हे सगळं माझ्यासाठी चाललेलं होतं. स्थळांना पाठवायच्या माझ्या एका फोटोसाठी.

मला राग आला. कृतज्ञ वगैरे वाटायला हवं होतं असं नंतर अनेकांनी सांगितलं, पण मला राग आला.

कारण तोपर्यंत दोन स्थळं पाहून गेली होती. दोन्हींकडे माझा जुन्या प्लेटवरचा, बाबांनी पेन्सिलीने भरलेला फोटो गेला होता. दोन्ही वेळा एकच तऱ्हा. मी पोह्याच्या बशा घेऊन बाहेर आले, मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून फोटो काढून पाहिला, परत माझ्याकडे पाहिलं. मग फोटो पिशवीत गेला आणि पावसापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या. पोहे मात्र दोन्हींकडच्यांनी संपवले.

मी शालू नेसून बसले. बाबांनी आजोबांची काच लावून फोटो काढला. मग मी म्हटलं, “आता कडं काढा. कॅमेऱ्याची सोताची काच लावा आन् एक काढा.”

“काऊन?”

“टेस्ट व्हय ना? मंग दोन्हीची घ्या.”

त्यांनी काढला. मी दोन्ही धुतले, छापले, वाळवले आणि त्यांच्या समोर ठेवले. म्हटलं, मोताळ्याच्या स्थळाला हा दुसरा पाठवायचा. ते मोताळ्याच्या कचेरीत कारकून असलेल्या मुलाचं स्थळ होतं, चांगलं होतं, आणि ते हातचं जाऊ नये म्हणून बाबांचा जीव खालीवर होत होता.

“असा फोटो कोनी पाठवते काय?” बाबा म्हणाले.

“असा म्हंजे कसा?”

तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना. आई मधे पडली, “बाई, अंगावर नको येऊ त्यायच्या. तुह्या भल्यासाठीच करून राह्यले ते.”

“ठीक आहे,” मी म्हटलं. “पहिला पाठवा. पन ते लोकं आले, का मी बशा घेऊन भाईर येनार नाही. तुम्हीच न्या पोहे.”

ही धमकी लागू पडली. आमच्याकडे मुलीने बशा आणल्या नाहीत तर पाहणं झालंच नाही असं समजतात. बाबांनी दुसरा फोटो पाकिटात घातला, पण टपालात टाकायला मलाच पाठवलं.

आठ-दहा दिवसांत पाकीट परत आलं. फोटो जसाच्या तसा, आणि सोबत दोन ओळी की पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका पाठवलीच नव्हती.

मला वाटलं होतं, मी हसेन. मीच मागितलं होतं ते. त्यांना नाही म्हणायचं होतं तर घरी न येता, पोहे न खाता म्हणाले, हेच तर मला हवं होतं. पण मी लाल दिव्याच्या खोलीत जाऊन कडी लावली आणि भरपूर रडले. दोन स्थळं समोर बसून नाही म्हणाली तेव्हा मनाला सांगता यायचं, फोटोने घोटाळा केला. या वेळी घोटाळा कुठेच नव्हता. त्यांनी मला पाहिलं होतं आणि नाही म्हटलं होतं.

बाहेर आले तेव्हा बाबा आजोबांची काच कॅमेऱ्याला लावून, नळी मागेपुढे करत बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आपन पिंपळगाव राजाच्या स्थळाले हा जुन्या काचेचा पाठवून देऊ.”

“दुसराच पाठवा,” मी म्हटलं. आवाज अजून फुटत होता, पण म्हटलं. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. हट्ट होता एवढं खरं. आणि परत एकदा कोणाच्या तरी आईने पिशवीतून मला काढून माझ्याशी ताडून पाहावं, हे मला सहन होणार नव्हतं.

पिंपळगाव राजाहून फोटो परत आला नाही. त्याऐवजी माणसंच आली. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर, सोबत त्याची आई आणि मामा. बाबा सकाळपासून दोनदा स्टुडिओत जाऊन आले, काही काम नसताना. मी बशा घेऊन बाहेर आले. मास्तरच्या आईने पाहिलं, पण पिशवीकडे हात नेला नाही. माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, फोटो कोण छापतं ते विचारलं. मी सांगितलं, मीच छापते. मामा पोह्यांना चांगले म्हणाले. मग कोणाला काही सुचेना आणि सगळे गप्प झाले.

आमच्याकडे मुलाने अशा वेळी तोंड उघडायचं नसतं. त्याचं जे काय असेल ते घरी गेल्यावर आई सांगते. पण मास्तर लोकांना शांतता सोसत नाही. त्याने खिशातून माझा फोटो काढला, माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. तो बाबांकडे वळून अगदी सरळ म्हणाला, “वण फोटोत जास्त दिसतेत हो.”

“चूप राय बे,” त्याची आई म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला. मामाने पोह्यांच्या बशीत मान घातली. माझी आई दारात होती, ती तशीच थिजली. आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता, आणि तोही परक्याकडून, पोहे खाता खाता.

बाबांनी मान वर केली. मला वाटलं, ते उजेडाचं सांगतील, काचेचं सांगतील, ऊन बाजूचं होतं म्हणतील. धंद्यातला माणूस, त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ होतं. पण ते माझ्याकडे पाहत राहिले. कॅमेरा मधे नसताना त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं होतं ते मला आठवत नाही. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, सगळीकडे त्यांची नजर सावकाश फिरली.

“हाव,” ते म्हणाले. “पोरीच्या तोंडावर एवढे नाहीत.”