३२९४६७ कशानं तुटतो?

जीवनच्या घरी नाशिकजवळ मखमलाबादला झेंडू-शेवंतीचा मळा होता, पण तो स्वतः अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. दहावी आणि आयटीआय, गणिताशी संबंध तेवढाच. आकड्यांचा नाद त्याला लेथवरच लागला. इंचाच्या लेथवर स्क्रूला मिलिमीटरच्या मापाचे आटे पाडायचे असले की एकशे सत्तावीस दात्यांचं चाक चढवावं लागे. दुसरं लहान चाक का चालत नाही, असं त्यानं एकदा धोंडीराम फोरमनला विचारलं.

"एकशे सत्तावीस कशानंच तुटत नाय," फोरमन म्हणाला. "मूळ संख्या हाय ती."

तेव्हापासून जीवन दिसेल तो आकडा तोडून पाहू लागला, कशानं भाग जातो ते शोधू लागला. बसचा, टेम्पोचा, खताच्या गोणीवरचा. १९९६ साली घरी फोन आला, नंबर मिळाला ३२९४६७. बाकीचे नातेवाइकांना फोन लावत बसले आणि हा भागायला बसला. तीननं गेला नाही, सातनं नाही, अकरानं नाही. ५७४चा वर्ग या आकड्याच्या पुढे जातो, म्हणून त्याच्या खालच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, हे त्याचं त्यानंच शोधून काढलं होतं. जेवणाच्या सुट्टीत रोज दोन-तीन भागाकार व्हायचे. कॅल्क्युलेटर घेणं त्याला लबाडी वाटे.

त्या हिवाळ्यात यादवमामांनी नाशिक रोडचं स्थळ आणलं. मुलगी भाग्यश्री, गणित घेऊन बीएस्सी झालेली, घरी शिकवण्या घ्यायची. इतकी शिकलेली मुलगी आपल्याला कशाला हो म्हणेल, म्हणून जीवन तयार नव्हता. आई सुलाबाईंनी बळंच नेलं. मुलीच्या वडिलांनी छंद विचारला, तर क्रिकेट सांग, असं मामांनी वाटेतच बजावलं होतं. पण वडिलांनी खरंच विचारल्यावर जीवन खरं तेच बोलून गेला. मामा कपातल्या चहाकडे बघत राहिले.

भाग्यश्रीनं मात्र मान वर केली. "सध्या कुठला आकडा चालू आहे?"

त्यानं फोनचा नंबर सांगितला. पाचशे एक्केचाळीसपर्यंत पोचलोय, अजून तुटत नाही, बहुतेक मूळच असणार, असंही सांगितलं. तिनं समोरच्या भिंतीकडे बघत मनातल्या मनात हिशेब केला.

"पाचशे एकाहत्तर गुणिले पाचशे सत्त्याहत्तर," ती म्हणाली.

जीवननं खिशातला कागद काढून तिथंच गुणाकार केला. बरोबर होता. आणखी पाच भागाकार केले असते तर त्यालाही सापडला असता. कसं काढलं, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं त्याच कागदावर दाखवलं. ५७४चा वर्ग ३२९४७६. त्यातून हा आकडा वजा केला की उरतात नऊ, म्हणजे तीनचा वर्ग. मग ५७४मधून तीन काढायचे आणि ५७४मध्ये तीन मिळवायचे, झाले दोन्ही अवयव. जीवन कागद हातात धरून हसतच सुटला. सोबतचे पाहुणे चपला घालून उभे राहिले तरी दोघांचं संपत नव्हतं.

होकार दोन्हीकडून त्याच संध्याकाळी आला. वैशाखात लग्न झालं.

२००४ साली दोघं पहिला मोबाईल घ्यायला गेली. दुकानदारानं दिलेला नंबर आठवर संपत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दुसरा मागितला. पुढचा पाचवर संपला, तोही परत केला.

"लकी नंबर पाहिजे का, वहिनी?" दुकानदारानं विचारलं.

"नको," भाग्यश्री म्हणाली. "अवघड पाहिजे."