राणीचं तडकलेलं डोकं

हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं — नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही. देवापुढे काय सांगायचं? त्याने तर पाहिलंच होतं.

आमच्या उंद्रीच्या महिला मंडळात पूर्वी बाहुल्यांचे खेळ चालत. बाहुल्यांची डोकी शेजारच्या कुसुमवहिनी करायच्या. बायका टोपली लिंपायला करतात तोच लगदा — भिजवलेला कागद, त्यात मेथीचं पीठ. त्यातून वहिनी अशी नाकं काढायच्या, की बाहुली आता शिंकते की काय असं वाटावं. मी केलेलं डोकं मात्र दरवेळी वांग्यासारखं. बायका हसायच्या, मीही हसायचे — आणि आतून जळायचे.

जळणं एकवेळ चालतं. पण मी... कसं सांगू तुम्हाला? खेळाच्या आधी वहिनींनी राणीचं ओलं डोकं ओसरीच्या सावलीत ठेवलं होतं. त्या शेतात गेल्या, आणि मी ते उचलून उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकलं, तेव्हा गुपचूप परत जागेवर आणून ठेवलं. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "मेथी कमी पडली, वहिनी." चोर तो चोर, वर शिरजोर! त्यानंतर वहिनींनी लगद्याला हात लावला नाही. घरची टोपलीही दुसऱ्यांकडून लिंपून घेऊ लागल्या. आणि मी? मी बघत राहिले — वर्षानुवर्षं.

परवा खामगावला एका संग्रहालयात बाहुल्यांचं प्रदर्शन पाहायला आम्ही दोघीच गेलो. बाहुली कशी घडते ते तिथे मांडलं होतं. वहिनी चष्मा विसरल्या होत्या, म्हणून मीच वाचून दाखवत होते — डोकं सावलीत वाळवावं, उन्हात तडकतं.

"सावलीतच तं ठेवलं व्हतं मी," वहिनी म्हणाल्या. "मंग तडकलं काऊन?"

एवढी वर्षं त्या हे मनात घेऊन होत्या? मग मला राहवलं नाही. तिथेच, काचेसमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं. छातीवरचा धोंडा उतरला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे माह्या हातात खोट नव्हती," एवढंच म्हणाल्या. मग कोपऱ्यात मुलांसाठी लगद्याचं घमेलं ठेवलं होतं, तिथे जाऊन बसल्या. बांगड्या वर सारल्या. मीही शेजारी बसून हात पुढे केला.

"तू हात नोको लावू."

मी हात मागे घेतला, आणि बसून राहिले.