कामावर रुजू झाल्याची तारीख

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी नव्या चार कामगार संहितांची नावं फळ्यावर लिहिली. ती उतरवून घेताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या धामणगाव बढ्यातलं गणवेशाचं दुकान उभं राहिलं. माझी आई तिथे शिलाई करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पुस्तकातला कायदा आपल्या ओळखीच्या माणसांनाही लागू पडतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. पुढे कापड विकायला ठेवलेलं, मागे पत्र्याच्या शेडमध्ये मशिनी, आणि कामाला तेरा माणसं. एक दिवस व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला की आता प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तीपत्र द्यावं लागणार. चाचांनी आईच्या हाती मला निरोप धाडला. मी गेले तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"तू कायदा शिकून राह्यली म्हणे. वाच अन् सांग, मले काय करा लागते?"

"चाचा, मी अजून पास व्हायची आहे."

"मी त नापास होऊन दुकान चालवून राह्यलो. वाच तू."

मी वाचलं आणि जमेल तसं सांगितलं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर प्रत्येकाला पत्र द्यायचं. त्यात नाव, काम, पगार आणि कामावर रुजू झाल्याची तारीख हवी. ठरावीक वयाच्या पुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची. राज्याचे नियम नीट बघावे लागतील, तेव्हा मेहेरबानी करून एकदा वकिलांनाही विचारा, असं मी दोनदा सांगितलं.

"तपासणी कितीच्या पुढं?" चाचांनी विचारलं.

"चाळीस."

चाचांनी शेडकडे तोंड करून आवाज दिला, "चाळीसच्या वरचं कोण कोण हाय?"

मशिनी थांबल्या. एकीनेही हात वर केला नाही. काज-बटन करणाऱ्या काकूंना दोन नातवंडं आहेत, पण त्याही खाली बघून दोरा ओवत बसल्या.

मी कॉलेजच्या संगणकावर पत्रं तयार केली. आईच्या नावापुढे 'शिलाई कामगार' असं टाइप केलं आणि ते दोनदा वाचून पाहिलं. तिच्या कामाला असं नाव देणारा कागद मी कधी पाहिलाच नव्हता. फक्त तारखेची जागा रिकामी होती. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "आजची टाक. कागद आजच देऊन राह्यलो ना."

तिथे मला बोलायला हवं होतं. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी नोकरीच्या वर्षांवर ठरते, हे मी शिकले होते. आजची तारीख टाकली तर आईची मागची सगळी वर्षं कागदावरून जाणार होती. पण त्या तेरा जणांत माझी आई होती. घरच्यांसाठी भांडते असं चाचांना वाटेल, या भीतीने मी गप्प बसले आणि तेराही पत्रांवर आजची तारीख टाकली.

पत्रं वाटली. कटिंग मास्तर शेडमधले सगळ्यात जुने. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं, घडी घातली आणि चाचांपुढे ठेवलं.

"हे माह्यं नाही."

"काऊन? नाव त तुमचंच हाय."

"हा माणूस आज लागला. मी त तुमचे वालिद दुकान पाहत होते त्या वक्तापासून हाव."

"मास्तर, मी कोणाले काढलं का कधी?"

"तसं म्हणून नाही राह्यलो. कागदात तो वक्त कुठं हाये, ते सांगा."

चाचा दुखावले. ते माझ्याकडे बघायला लागले आणि आता गप्प बसणं मला जमेना. मी सांगून टाकलं. जुनी तारीख लिहिली तर पुढे तुमच्यावर जास्त द्यायची वेळ येईल, हे खरं आहे. पण चुकीच्या तारखेवर तुमची सही असेल आणि ती चुकीची आहे हे शेडमधल्या तेराही जणांना ठाऊक असेल. "चूक माझी पण आहे," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

चाचा उठून पुढे दुकानात गेले. मला वाटलं, संपलं. पण ते नमुन्याची वही घेऊन आले. दर वर्षी कोणत्या शाळेचं कोणतं कापड होतं, त्याचा बोटभर तुकडा या वहीत, वर्षाला एक पान याप्रमाणे, टाचलेला असतो आणि बाजूला साल लिहिलेलं असतं.

"पहिलं कापड कोणतं शिवलं, ते दाखवा ज्यानं त्यानं."

मग जो गलका झाला, तसा मी त्या शेडमध्ये कधी ऐकला नव्हता. सगळे वहीवर वाकले. काकूंनी लगेच मोठ्या चौकड्यावर बोट ठेवलं. "हाच मेला. रेघा जुळवता जुळवता जीव गेला होता." मास्तरांचा तुकडा पहिल्याच पानावर निघाला, विटून पांढरा झालेला.

आई मला नेहमी सांगायची, तू दुसरीत होती तेव्हा मी कामाला लागले. पण तिचं बोट त्या सालाच्या दोन पानं आधीच्या गडद हिरव्या तुकड्यावर थांबलं. "ह्याचा रंग हाताले लागत होता," ती म्हणाली.

"नाही बाई, तू त्याच्या नंतरची," चाचा म्हणाले.

आईने बोट मागे घेतलं. तेवढ्यात मास्तर हसायला लागले. "त्याच सालची हाय. पहिल्याच दिवशी हिनं एका सदऱ्याले दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. हिरवाच होता. मी उसवला."

"अन् तो तसाच गेला असता त?" काकू म्हणाल्या.

"एक गेलाच होता," चाचा हळूच म्हणाले. "गुरुजी वापस घेऊन आलते. हाव, तेच साल."

आईने पदर तोंडाला लावला. ती लाजली होती, पण हसतही होती. तिची दोन वर्षं परत आली होती.

वर्षं ठरली, पण दिवस कुणालाच आठवेना. गणवेशाचं काम मे महिन्यात सुरू होतं, म्हणून चाचा म्हणाले, "सगळ्याइले एक मे टाक."

"एक मेले कामगाराइची सुट्टी असते म्हणते, चाचा," काकू म्हणाल्या.

"कोण म्हणते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'हो' म्हणून मान हलवली.

चाचांनी सुस्कारा टाकला. आईच्या पत्रावर रुजू झाल्याची तारीख दोन मे आहे.