ह्यात तुझं काय हाय?

परवा नातीनं नवी गाडी दारात आणली. आत बसले, तर सीटचा तो कोरा वास आला आणि मी थेट तीसेक वर्षं मागं, आमच्या पिंपळी गावाला गेले.

तेव्हा डेअरीला दूध घालायला आम्ही तीनचाकी टेंपो घेणार होतो. माझे धाकटे दीर नामदेव बारामती एमआयडीसीत असेच टेंपो जोडायचे. ते म्हणाले, "आमच्या कारखान्याचा घ्या." आणि मी बोलून बसले, "भावजी, कालपर्यंत तुमी मेंढरं हाकत व्हता. तुमी जोडलेला नगं बाई, परगावचा बरा." सगळे हसले. भावजी खाली मान घालून चहा पीत राहिले.

सासरे, आबा, आम्हाला भावजींच्या कारखान्याच्याच शोरूममध्ये घेऊन गेले. तिथं बाजारात मेंढा पारखावा तसे ते एका टेंपोभोवती फिरले. मग भावजींना विचारलं, "ह्यात तुझं काय हाय?"

"मी सीटा बसवतो, आबा. पर हीच मी बसवली का, ते न्हाय सांगता यायचं."

"खरं बोललास. मेंढरू घेताना ते कुणाच्या वाड्यातलं हाय, ते बघतो आपण. हा तुझ्या कारखान्याचा वाडा मला ठावं हाय. ह्योच घ्या."

टेंपो चारचौघांसारखाच चालला. पण पहिल्या दिवशी भावजींनी हळूच विचारलं, "वहिनी, सीट बरी हाय का?"

"बरी हाय," एवढंच म्हणाले मी. चुकले म्हणायचं राहूनच गेलं.

नात म्हणते, "आजी, गाडी कुठं का बनेना, चालल्याशी कारण." खरंय तिचं. तरी मी सीटवरून हात फिरवला. कुणाच्या तरी भावजींनी बसवली असेल.